कागदावरचा अमजद खान

नाना पटोले खासदार होते तेव्हाची गोष्ट. त्यांचा फोन टॅप केला गेला, पण परवानगीच्या कागदावर पटोले हे नाव नव्हते. तिथे लिहिले होते अमजद खान, आणि कारण दिले होते अमली पदार्थांचा व्यापार. आमदार बच्चू कडू यांच्या नंबरापुढे निजामुद्दीन बाबू शेख असे नाव होते. २०२१ मध्ये हा विषय विधानसभेत गाजला, चौकशी समिती बसली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये पुण्याच्या बंडगार्डन ठाण्यात माजी पोलीस आयुक्त रश्मी शुक्ला यांच्यावर गुन्हा दाखल झाला. त्यानंतर राज्यातले सरकार बदलले. पुणे पोलिसांनी तपास बंद करण्याचा अहवाल दिला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला. जानेवारी २०२४ मध्ये शुक्ला राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण मिटले.

मला बोलायचे आहे ते त्या नावाबद्दल. सगळीच खोटी नावे मुसलमानी नव्हती, हे खरे. संजय राऊत यांच्या प्रकरणात 'एस. राहाटे' असे नाव वापरल्याचे समोर आले. तरीही मंत्रालयात सहीसाठी आलेल्या फायलीवर 'अमजद खान, अमली पदार्थ' असे दिसल्यावर कोणता अधिकारी थांबून विचारील, की बाबा, हा अमजद खान कोण, राहतो कुठे? ज्या नावाबद्दल कुणी प्रश्न विचारत नाही, त्याच नावाआड कुणाचाही फोन ऐकता येतो. आपल्या नावाविषयीचा संशय असा एका हिंदू खासदाराच्या घरापर्यंत पोहोचला.

भोर किंवा वेल्ह्याचा माणूस म्हणेल, खासदार-आमदारांच्या भानगडींशी आम्हाला काय देणेघेणे? आमच्याकडे तर धड रेंजही नाही, फोन लावायला टेकडी चढावी लागते. पण बोलणे ऐकणे हा पाळतीचा एकच प्रकार झाला. तुम्ही कुणाला किती वाजता फोन केला आणि तेव्हा तुमचा मोबाइल कोणत्या टॉवरवर होता, याची नोंद कंपनीकडे आपोआप होत असते. बोलणे ऐकायचे तर गृहसचिवांची परवानगी लागते. ही नोंद मागवायला मात्र जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांच्या पातळीवरचे पत्र पुरते. ती बाजारातही जाते. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी अशा नोंदी बेकायदा मिळवून विकल्याबद्दल खासगी गुप्तहेरांना अटक केली होती. घेणारा नवरा असू शकतो, भाऊबंदकीतला दावेदार असू शकतो, धंद्यातला स्पर्धकही असू शकतो.

शिवाय टॉवर माणूस ओळखत नाही. पानशेतच्या धरणाकाठी उभ्या असलेल्या माणसाचा फोन पाण्यापलीकडचा टॉवर पकडू शकतो. डोंगराळ भागात एकेक टॉवर कित्येक वाड्यावस्त्यांना पुरतो. त्यामुळे नोंदीवरून 'हा इसम अमुक गावात होता' असे छातीठोक सांगणे धोक्याचे असते.

मार्च २०२० मध्ये हेच झाले. दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजच्या परिसरातल्या टॉवरवर नोंदलेले नंबर काढून राज्याराज्यांना याद्या पाठवल्या गेल्या. छत्तीसगडच्या यादीत १५९ नावे होती, आणि त्यांतले शंभराहून अधिक लोक मुसलमानच नव्हते. जवळून गेले होते, एवढाच त्यांचा संबंध. गावोगावी मात्र बोभाटा झाला तो 'तबलिगी लपले आहेत' असाच. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगला आलेल्या २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचे म्हटले. पण तोवर व्हायची ती बदनामी होऊन गेली होती.

'कर नाही त्याला डर कशाला' असे म्हणणाऱ्यांनी या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्यात. पटोल्यांनी काही केले नव्हते, छत्तीसगडच्या त्या शंभर जणांनीही नाही.

राज्य चालवायचे तर हेर लागतात. राजगड आणि तोरणा ज्या तालुक्यात आहेत तिथल्या लोकांना हे सांगायला नको. बहिर्जी नाईकांचे नाव इथे आदराने घेतले जाते, कारण त्यांची नजर शत्रूच्या गोटावर होती. रयतेच्या चुलीपाशी कान लावणे ही वेगळी गोष्ट. आपल्याकडे सूरह हुजुरातमध्ये 'तजस्सुस', म्हणजे दुसऱ्याच्या खासगी गोष्टी हुडकणे, मना केले आहे. हजरत उमर यांच्याविषयी एक किस्सा सांगितला जातो. भिंत चढून ते एकाच्या घरात उतरले आणि त्याला गुन्हा करताना पकडले. त्याने उलट सुनावले, माझी चूक एक, तुमच्या तीन: पाळत ठेवलीत, दार सोडून भिंतीवरून आलात, सलामही केला नाहीत. खलिफा मुकाट्याने परतले. राज्यकर्त्यालाही दारातूनच यावे लागते, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या कायद्यात हे दार अजून नीट बसवलेले नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तरीही डिसेंबर २०२४ च्या नियमांनुसार टॅपिंगची परवानगी सरकारी अधिकारी देतो, आणि ती तपासणाऱ्या समितीतही सरकारी अधिकारीच बसतात. ज्याचा फोन ऐकला त्याला पुढे कधीच कळवले जात नाही. मग खोट्या नावाविरुद्ध तक्रार करणार कोण?

लोक बोलले तर सरकार ऐकते, हेही आपण पाहिले. प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये 'संचार साथी' ॲप आधीच घालण्याची सक्ती नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस झाली, आणि देशभर ओरड होताच ३ डिसेंबरला मागे घेतली गेली.

म्हणून आता मागायच्या गोष्टी तीन आहेत. परवानगी न्यायाधीशाने द्यावी आणि नंबर खरोखर कुणाचा हे आधी तपासावे. तपास संपल्यावर संबंधित माणसाला कळवावे. वर्षभरात किती फोन ऐकले आणि किती लोकांच्या नोंदी मागवल्या, याचा आकडा विधानसभेत मांडावा. ही मागणी मुसलमानांची म्हणून करू नका. भोरच्या बाजारपेठेतला व्यापारी, वेल्ह्याचा शेतकरी आणि मशिदीतला मौलवी यांनी एकाच निवेदनावर सह्या करून ते आपल्या आमदाराच्या हाती द्यावे. कागदावर अमजद खान लिहून उद्या यांच्यापैकी कुणाचाही फोन ऐकता येईल.