मालकी आणि मताधिकार

कंपनीचा प्रत्येक समभाग सारखाच, अशी आपल्या अनेक कार्यकर्त्यांची समजूत असते. ती दुरुस्त करून घेणे अगत्याचे आहे. समभागात दोन अधिकार असतात : नफ्यातील वाट्याचा आणि मत देण्याचा. भांडवलदारी व्यवस्थेने यांची फारकत करण्याच्या युक्त्या शोधल्या आहेत.

समाजवादाचे नाव घेणाऱ्या चीनमध्येही समभागांचे वर्ग आहेत. शांघाय व शेन्झेन येथे युआनमध्ये विकले जाणारे ते 'ए', तेथेच परकीय चलनात विकले जाणारे ते 'बी', आणि हाँगकाँगच्या बाजारातील ते 'एच'. एकाच कंपनीच्या 'ए' व 'एच' समभागांचा मताधिकार समान. बाजार मात्र भिन्न, आणि म्हणून किंमतही भिन्न. 2005 च्या सुधारणेपूर्वी तर सुमारे दोन-तृतीयांश समभाग बाजारात विकता येत नसत. ते मुख्यतः सरकार व सरकारी संस्थांच्या हाती होते. भांडवल बाहेरून यावे, नियंत्रण मात्र सुटू नये, हे त्यामागचे सूत्र.

तेच सूत्र पिंपरीत कारखाना असलेल्या टाटा मोटर्सनेही वापरले. जॅग्वार-लँड रोव्हरच्या खरेदीनंतर, 2008 साली, कंपनीने 'ए' नावाचेच, परंतु निराळ्या जातीचे समभाग काढले. चीनमध्ये बाजार वेगळा केला होता; येथे मतच कापले. 10 समभागांमागे 1 मत, आणि मोबदला म्हणून लाभांशाचा दर 5 टक्क्यांनी अधिक. 2024 साली 10 'ए' समभागांमागे 7 सामान्य समभाग देऊन हा वर्ग रद्द करण्यात आला.

यात कामगाराचा काय संबंध, असे कोणी विचारील. 2015 पासून भविष्यनिर्वाह निधीच्या नव्या गुंतवणुकीचा काही भाग शेअर बाजाराशी निगडित फंडांत जातो. 2017 मध्ये ही मर्यादा 15 टक्क्यांवर नेण्यात आली. म्हणजे चाकण-भोसरीतील सामान्य कामगारही नकळत मोठ्या कंपन्यांना भांडवल पुरवितो. जोखीम त्याची; मत मात्र फंडाचे व्यवस्थापक देतात. 'ए' समभागधारकाला निदान दशांश मत होते. कामगाराला तेवढेही नाही.

या निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळावर कामगारांचे प्रतिनिधी आहेत. कामगारांच्या पैशातून घेतलेल्या समभागांची मते कोणत्या धोरणाने द्यावयाची, हे मंडळाने ठरवावे व जाहीर करावे, अशी मागणी त्यांनी केली पाहिजे. आणि ती कारखान्यांच्या दारादारांतून उठवणे हे आपले काम आहे.