‘फ्रस्ट्रेटेड’ आहेस, पण कशाने?

बोदवडहून जळगावला कॉलेजला जाणाऱ्या आमच्या ग्रुपचा गाडीतला डबा ठरलेला. आणि डब्यातला संवादही ठरलेला.

‘‘काय रे, कसं चाललंय?’’
‘‘फुल फ्रस्ट्रेशन, यार.’’
‘‘सेम हिअर.’’

विषय संपला. हेडफोन कानात.

शब्द तेवढे बदलत राहतात. सोमवारी आपण ‘डिप्रेस्ड’ असतो, सबमिशनच्या आठवड्यात ‘बर्नआउट’ होतो. वर्गातली एखादी मैत्रीण ‘टॉक्सिक’ असते, घरचे ‘इरिटेटिंग’ असतात आणि आपण स्वतः जन्मजात ‘ओव्हरथिंकर’! एकदा घरी आल्या आल्या मी बॅग फेकली आणि म्हणाले, ‘‘फ्रस्ट्रेट झालेय मी.’’ आजी भाजी निवडत होती. तिने विचारलं, ‘‘म्हंजे काय झालं वं माय तुले? भूक लागली? कोनी बोललं? का पैसे सरले?’’

मला उत्तर देता आलं नाही. खरंच नाही. कारण मी स्वतःलासुद्धा हे विचारलं नव्हतं.

आता ‘इंग्रजी वाईट, मराठी छान’ असं भाषण मी देणार नाही. मीही दिवसातून दहा वेळा ‘यार, बोअर’ म्हणते. शिवाय हे इंग्रजी शब्द मुळात इतके ढोबळ नाहीतच. ‘फ्रस्ट्रेशन’च्या मुळाशी ‘व्यर्थ’ अशा अर्थाचा लॅटिन शब्द आहे. म्हणजे प्रयत्न केला आणि वाया गेला, त्याचा त्रास. प्रयत्नच केला नसेल, तर ते फ्रस्ट्रेशन नव्हे. ‘बर्नआउट’चंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये त्याची व्याख्या केली, तेव्हा तो शब्द कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न हाताळलेल्या ताणापुरता ठेवला. दोन असाइनमेंट एका रात्रीत लिहिल्या, याला बर्नआउट म्हणत नाहीत, आळस केल्याची शिक्षा म्हणतात! आणि ‘टॉक्सिक’ तर ऑक्सफर्डने 2018 चा ‘वर्षाचा शब्द’ म्हणून निवडला होता. आपण मात्र ‘तिने माझ्या स्टोरीला रिप्लाय दिला नाही’ इथपासून ‘तो तिला मारतो’ इथपर्यंत सगळ्याला तोच एक शब्द लावतो.

आजीकडे मात्र प्रत्येक त्रासाला वेगळा शब्द आहे. करायचं राहून गेलं तर रुखरुख. राग आला पण बोलायची सोय नाही, तर चडफड. मनातल्या मनात ठेवलं तर कुढणं. दोन जावांमध्ये न बोलता चाललेली ती धुसफूस. आणि तेच ते काम करून अगदी नकोसं झालं, की ‘जीव कदरला’. यातला कुठलाही शब्द ऐकला, की पुढे काय विचारायचं ते ऐकणाऱ्याला कळतं. ‘फ्रस्ट्रेटेड’ ऐकल्यावर फक्त ‘सेम हिअर’ म्हणता येतं.

इंटर्नशिपच्या दुसऱ्या आठवड्यात हाच धडा मला ऑफिसात मिळाला. पाण्याच्या प्रश्नावरच्या बातमीत मी ‘नागरिकांमध्ये तीव्र असंतोष’ असं झोकात लिहिलं होतं. डेस्कवरच्या सरांनी त्याखाली रेघ मारली. ‘‘कोणते नागरिक? कितव्या दिवशी पाणी आलं? टँकरला किती मोजले? ते लिही. असंतोष वाचणाऱ्याला आपोआप दिसेल.’’

‘असंतोष’ म्हटलं की आपल्याला लोकमान्य टिळक आठवतात. ‘भारतीय असंतोषाचे जनक’ हे आपण शाळेत बिरुद म्हणून पाठ केलं. पण ते कौतुक नव्हतं, आरोप होता. ‘टाइम्स’चे पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांनी 1910 मध्ये ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात टिळकांवर तो ठपका ठेवला. पुस्तकातल्या मजकुराबद्दल टिळकांनी अब्रुनुकसानीचा दावा केला, त्यासाठी 1918 मध्ये लंडनला गेले आणि 1919 मध्ये खटला हरले. तरी तो शब्द आपण अभिमानाने ठेवून घेतला. का? कारण तो असंतोष नुसता ‘मूड’ नव्हता. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण अशी त्याची नेमकी चतुःसूत्री होती.

एवढं लांब जायचं नसेल तर 2021 आठवा. 14 मार्चची एमपीएससीची पूर्वपरीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली, तेव्हा पुण्यात हजारो मुलं रस्त्यावर उतरली. ‘आम्ही फ्रस्ट्रेटेड आहोत’ एवढंच ती सांगत नव्हती. परीक्षा घ्या, तारीख सांगा, असं त्यांचं म्हणणं होतं. परीक्षा 21 मार्चला झाली.

हे सगळं मी का लिहितेय, तेही सांगते. आमच्या डब्यात एक मित्र होता. आठ महिने तो रोज ‘फ्रस्ट्रेटेड’ होता आणि आठ महिने आम्ही रोज ‘सेम हिअर’ म्हणत होतो. मग तो गाडीत दिसेनासा झाला. एका रविवारी बाजारात भेटला, जिनिंगमध्ये कामाला लागलेला. मी आजीसारखं विचारलं, ‘‘काय झालं रे नेमकं?’’ तेव्हा पहिल्यांदा त्याने पूर्ण वाक्य बोललं. स्कॉलरशिप आली नव्हती, फी बाकी होती आणि त्याची घरी मागायची हिंमत नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्याच्याबरोबर कॉलेजच्या ऑफिसात गेलो. महाडीबीटीवरचा त्याचा अर्ज कॉलेजच्याच लॉगिनवर तसाच पडून होता. आम्ही तीन चकरा मारल्या, तेव्हा तो पुढे सरकला. पैसे आले, पण तोवर त्याची एक सेमिस्टर गेली होती. ती सेमिस्टर कॉलेजच्या दिरंगाईने गेली हे खरं. पण थोडी आमच्या ‘सेम हिअर’नेही गेली, असं मला वाटतं.

इथे कुणी म्हणेल, या इंग्रजी शब्दांमुळेच तर आपण मनाचं बोलायला लागलो. बरोबर आहे. ‘अँक्झायटी’, ‘डिप्रेशन’ हे शब्द येण्याआधी ‘नाटकं करतो’ किंवा ‘डोक्यावर परिणाम झालाय’ एवढंच ऐकायला मिळायचं. डॉक्टरांचा शब्द मिळाला, म्हणून उपचाराची वाट दिसली. म्हणूनच तो जपून वापरायला हवा. क्रिकेट मॅच हरल्यावरही आपण ‘डिप्रेस्ड’ असू, तर ज्याला खरंच दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगणं नकोसं वाटतंय, त्याने कोणता शब्द वापरायचा? तो बोलेल आणि आपण हसून ‘सेम हिअर’ म्हणू. तसं कुणी जवळ असेल, किंवा ते आपणच असू, तर 14416 हा टेली-मानसचा नंबर लक्षात ठेवा. फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

बाकी आपल्यासाठी माझं म्हणणं छोटंसं आहे. ‘फ्रस्ट्रेटेड’ खुशाल म्हणा, फक्त तिथे फुलस्टॉप देऊ नका. ‘कारण’ हा शब्द जोडा आणि वाक्य पूर्ण करा. आणि समोरचा तसं म्हणाला, तर ‘सेम हिअर’ म्हणण्याआधी एक हेडफोन काढून विचारा, ‘‘म्हणजे काय झालं?’’

आमचा मित्र या जूनपासून पुन्हा गाडीत येतोय. परवा म्हणाला, ‘‘फुल फ्रस्ट्रेशन, यार.’’ आम्ही तिघंही एकदम म्हणालो, ‘‘कशाने?’’

‘‘खिडकीची जागा मिळाली नाही.’’

मी उठले आणि त्याला माझी जागा दिली.