ओगलेवाडीची भट्टी विझली, कामगारांचे काय?

आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो ऊसतोड कामगार बाहेर पडतात. त्यातले कित्येक कराडकडे जातात. कराडचे रेल्वे स्टेशन आहे ते ओगलेवाडीला. कोपीत रॉकेलच्या कंदिलावर भाकरी थापणाऱ्या आपल्या आयाबहिणींना हे गाव माहीत असो वा नसो, महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यात जळणारा 'प्रभाकर' कंदील इथलाच.

तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, तोही सामान्य माणसाकडून एकेक पैसा गोळा करून. पुढे १९१६ साली ओगले बंधूंनी ओगले ग्लास वर्क्स काढला. स्वदेशीचे गोडवे गाणारे इथेच थांबतात. भट्टीच्या तोंडाशी उभे राहून काच फुंकणाऱ्यांची नावे किती जणांनी लिहून ठेवली?

काचेची भट्टी रात्री विझवून सकाळी पेटवता येत नाही. माल खपो न खपो, सुमारे १५०० अंशांवर ती अहोरात्र धगधगती ठेवावी लागते. गावोगाव वीज आली, कंदील माळ्यावर गेला आणि अखेर कारखाना बंद पडला. बाटल्या करणाऱ्या छोट्या कारखान्यांना असेच आधी स्वयंचलित यंत्रांनी व मग प्लास्टिकने गाठले. बाजार बदलतो, त्याबद्दल तक्रार नाही. त्याची किंमत कोणी मोजायची, हा खरा वाद आहे.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना कारखान्यातील आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणण्याची पायाभरणी झाली. १९४६ साली तसा कायदा झाला. कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन १९७६ साली ३०० कामगारांच्या कारखान्यांना लागू झाले. १९८२ च्या दुरुस्तीने ही मर्यादा १०० वर आली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती पुन्हा ३०० केली व २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अंमलात आली. म्हणजे २९९ कामगारांच्या मालकाने ६० दिवसांची नोटीस आणि प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार दिला की तो मोकळा!

आणि हे ३०० तरी मोजणार कोण? लेबर कोर्टात आमच्याकडे येणाऱ्या कित्येकांचा अंगठा कंत्राटदाराच्या वहीत असतो, कारखान्याच्या हजेरीपटावर नाव नसते. हजेरी कार्ड, पगाराची पावती, भविष्य निर्वाह निधीचा नंबर, यातले काहीतरी घरच्या पेटीत जपून ठेवा. टाळे लागल्यावर ते मागायला कोणाच्या दारात जाणार?