शेवटच्या नळाचे पाणी



नाथांच्या घरी भगवंताने बारा वर्षे पाणी भरले, ही कथा आपण कीर्तनात किती वेळा ऐकली! द्वारकेचा राणा श्रीखंड्या होऊन आला, खांद्यावर कावड घेतली आणि गोदावरीचे पाणी आणून पैठणच्या वाड्यातला रांजण भरत राहिला. नाथषष्ठीच्या निमित्ताने त्या रांजणात पाणी ओतायला आजही भाविकांची रांग लागते. देवाने संताघरी सेवा निवडली ती पाणी भरण्याची. मग त्याच गोदावरीच्या उगमाशी राहणाऱ्या आपण नाशिक जिल्ह्यातल्या माळकऱ्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा. आपल्या गावची पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

मंदिराचा कळस कोणत्या साली बसला ते आपण तोंडपाठ सांगतो. टाकीचे झाकण कधी उडून गेले ते सांगता येत नाही. हे विषय काढला की तीन उत्तरे ठरलेली असतात. त्या तिन्हींचा विचार करू.

पहिले उत्तर : "गंगामाईचे पाणी, त्याला काय होते?" तीर्थाचा महिमा कोण नाकारतो? पण तीर्थात गटार सोडली ती आपण, गंगामाईने नव्हे. एकोणिसाव्या शतकात पंढरीच्या यात्रेत पटकीची साथ पुन्हा पुन्हा उसळे. यात्रा फुटली की रोग वाटेवरच्या गावांत पोहोचे. त्या वारकऱ्यांची श्रद्धा आपल्यापेक्षा उणी होती काय? श्रद्धा तीच होती, पाणी दूषित होते. नामाने चित्त शुद्ध होते. टाकी शुद्ध व्हायला हातात खराटाच घ्यावा लागतो. गाडगेबाबांनी आयुष्यभर हेच सांगितले, आणि आधी गाव झाडून मग कीर्तनाला उभे राहिले.

दुसरे उत्तर : "पाण्याला औषधाचा वास येतो." सप्ताह आला की पाणी सोडणाऱ्याला निरोप जातो, दोन दिवस पावडर टाकू नको, पंगतीत पाणी वास मारते. माउली, तो मंद वासच आपला राखणदार आहे. टीसीएल पावडर टाकून अर्धा तास गेल्यावर पाण्यातले जंतू मरतात. त्यानंतरही थोडे क्लोरिन उरावे लागते, कारण पुढे नळवाटेत घाण मिसळण्याची भीती असते. भारतीय मानक १०५०० प्रमाणे घरच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरले पाहिजे. आपण पंगतीसाठी थंड पाण्याचे जार आणतो आणि निश्चिंत होतो. पण थंड म्हणजे शुद्ध नव्हे. आणि पाहुण्यांना जार पाजून उरलेल्या गावाला बिनऔषधाचे पाणी पाजणे, याला अन्नदान म्हणायचे का?

तिसरे उत्तर : "ते ग्रामपंचायतीचे काम." खरे आहे. ग्रामपंचायत आहे, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे, जलसुरक्षक आहे. २०१९ साली आलेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी ठरवले आणि गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवावे असे सांगितले. पाण्याची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची दोनदा व्हावी, असेही ठरले. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर सर्वेक्षण होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळे वा हिरवे कार्ड मिळते. कागदावर काहीच कमी नाही. पण कागद पाणी पीत नाही. महिनाभराच्या नोंदी एकाच बैठकीत, एकाच शाईने भरल्या असतील, तर वहीत पाणी शुद्ध दिसेल आणि पोरे दवाखान्यात दिसतील. मानक न पाळणाऱ्या नळयोजनेला कोणी दंड करायला येत नाही. तिथे पाहणारे डोळे गावाचेच हवेत.

आणि पाहायचे कुठे? टाकीजवळच्या नळाला नव्हे, शेवटच्या नळाला. नळाला पाणी तास-दोन तास येते आणि मग वाहिनी रिकामी होते. कुठे गटारीतून गेलेला जोड गळका असेल, तर रिकामी वाहिनी तेच घाण पाणी आत ओढून घेते. क्लोरिन वाटेत खर्ची पडते. शेवटच्या घरी जे पोहोचते ते सगळ्यात कमजोर पाणी. त्या टोकाला बहुधा कोण राहते, हे मी सांगायला नको. पंढरीला आपण आधी चोखोबांच्या समाधीपुढे माथा टेकवतो आणि मग महाद्वारात शिरतो. गावी मात्र चोखोबांच्या लेकरांना नळवाटेच्या शेवटाला ठेवून त्यांच्या पाण्याची चौकशीही करीत नाही. याला वारी म्हणवत नाही.

नुसत्या पावडरीने सगळे भागते असेही नाही. द्राक्षे-कांद्याच्या पट्ट्यात शेतात पडलेल्या खताचा अंश झिरपून विहिरीत उतरू शकतो. नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर गेले तर तान्ह्या बाळाला धोका असतो. ते पावडरीने जात नाही आणि उकळल्याने उलट दाट होते. ते प्रयोगशाळेतच कळते. म्हणून अहवाल मागायला शिका.

पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या त्र्यंबकेश्वरी येतात. २०२७ चा सिंहस्थ दाराशी आहे. घाटांची, रस्त्यांची चर्चा होईल, होऊ द्या. पण दिंडी मुक्कामाला थांबते ती गावात, आणि तहान भागवते गावच्या टाकीवर. आलेल्या वारकऱ्याला आपण विठ्ठल मानून पाय धुतो. त्या विठ्ठलाच्या हाती कोणते पाणी देतो?

म्हणून मागणे एवढेच. येत्या एकादशीला भजनी मंडळाने टाळ घेण्याआधी टाकीवर जावे. झाकण, जाळी पाहावी, टाकी धुतल्याची तारीख बाहेर रंगवून घ्यावी. पावडरीची पिशवी ओल-उन्हात उघडी पडली असेल तर बदलायला सांगावी, कारण तिचे सत्त्व उडालेले असते. शेवटच्या घरी जाऊन ओटी टेस्ट करावी. पाण्याला पिवळा रंग आला तर क्लोरिन पोहोचले, नाही आला तर त्याच दिवशी ग्रामपंचायतीला लेखी कळवावे. ग्रामसभेत अहवाल मोठ्याने वाचून घ्यावा. आणि जलसुरक्षकाचे मानधन थकले असेल तर त्याच्यासाठी भांडावे. पैठणच्या श्रीखंड्याला आपण देव म्हणतो, आपल्या गावच्या श्रीखंड्याचे निदान नाव तरी ठाऊक असू द्या.

रांजण भरण्याचे पुण्य पैठणला जाऊन मिळते. टाकी राखण्याचे पुण्य घरबसल्या आहे. ते नाकारून पंढरीला गेलो, तर विठोबा पहिला प्रश्न गावच्या पाण्याचाच विचारील.