बियाणे आणि आज्ञावली



शेजाऱ्याकडून पायलीभर बियाणे आणावे, सुगीत माप भरून परत करावे, ही आपली जुनी रीत. संगणक चालवणाऱ्या आज्ञावलीचेही पूर्वी बरेचसे असेच होते.

अमेरिकेत एमआयटी या संस्थेत १९८० च्या सुमारास नव्या प्रिंटरमध्ये कागद अडकू लागला. तेथील आज्ञावलीकार रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरला, कागद अडकताच सर्वांना निरोप जाईल, अशी सोय करून दिली होती. नव्याची मूळ आज्ञावली मागितली, तर चक्क नकार! गडी हुशार, पण हात बांधलेले. १९८३ मध्ये त्यांनी खुल्या आज्ञावलीचे काम जाहीर केले. पुढे अट घातली : घ्या, बदला, वाटा, मात्र पुढच्यालाही तीच मोकळीक द्या. मुलांच्या अँड्रॉइड मोबाइलमधील लिनक्स याच अटीवर चालते.

अमेरिकेतील काही पैदासकारांनी व शेतकऱ्यांनी २०१४ पासून हीच अट बियाण्याला लावली. आपल्याकडे २००१ च्या कायद्याने घरचे बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा, विकण्याचाही हक्क तुम्हाला आहे. संरक्षित वाण मात्र छापील नावाच्या पिशवीत भरून विकू नका. आणि संकरित वाणाचे बी राखूच नका. दुसऱ्या वर्षी पीक एकसारखे येत नाही.