ताशी म्हणजे फी घंटा

मागच्या महिन्यात आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी घरी आला. पोलीस भरतीची तयारी करतो आहे. सलाम-दुआ झाली, चहा झाला, मग हळूच म्हणाला, "सर, ग्राउंड निकल जाता है, पेपर में अटक रहा हूँ."

१६०० मीटर तो ५ मिनिटे २० सेकंदांत धावतो. पण भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी १०० गुणांची. लेखी मराठीत, आणि त्यात मराठी व्याकरणाबरोबर अंकगणितही असते. मी भाषेचा शिक्षक. मला वाटले, व्याकरण विचारायला आला असेल. त्याने पिशवीतून काढली ती मात्र वेग, वेळ, अंतराची उदाहरणे.

पहिलेच उदाहरण असे होते : चोर पोलिसाच्या २०० मीटर पुढे आहे. चोर ताशी १२ किमी वेगाने पळतो आहे, पोलीस ताशी १८ किमी वेगाने त्याचा पाठलाग करतो आहे. पोलीस चोराला किती वेळात पकडेल?

मुलाने १८ आणि १२ यांची बेरीज केली होती, तिला ५/१८ ने गुणले होते आणि तिथेच थांबला होता. मी म्हटले, मोठ्याने वाच. त्याने एकही चूक न करता वाचले. अर्थ विचारला तेव्हा कळले, 'तास' त्याला माहीत आहे, 'ताशी' नाही. 'पाठलाग' हा शब्द कधीतरी ऐकल्यासारखा वाटतो, एवढेच. ५/१८ का? तर क्लासमध्ये सांगितले आहे म्हणून.

मग मी तेच उदाहरण त्याला उर्दूत सांगितले. चोर दो सौ मीटर आगे है, बारा किलोमीटर फी घंटा भाग रहा है, सिपाही अठारा की रफ्तार से पीछा कर रहा है. त्याने कागदाकडे पाहिलेसुद्धा नाही. म्हणाला, दर तासाला सहा किलोमीटरचा फासला कमी होणार. म्हणजे मिनिटाला १०० मीटर. मग दोन मिनिटांत पकडेल.

उत्तर बरोबर होते. ५/१८ लागलेच नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. हा मुलगा माझ्याच वर्गात मराठी शिकला होता. मी त्याला कविता शिकवल्या, समास शिकवले, निबंध लिहून घेतले. 'ताशी' मात्र शिकवले नाही. ते गणिताच्या सरांचे काम, असे मी समजत होतो. गणिताचे सर म्हणत असतील, मराठी शब्द हे मराठीच्या सरांचे काम. आम्हा दोघांच्या मधल्या जागेत मूल हरवले.

आपल्या समाजात या प्रश्नावर दोन ठराविक उत्तरे मिळतात. पहिले, "आपल्या मुलांचे गणितच कच्चे." दुसरे, "उर्दू शाळेत घातले की असेच होणार, इंग्रजीत टाका." मला दोन्ही पटत नाहीत. गणित कच्चे असते तर त्याने ते उदाहरण तोंडी सोडवले नसते. आणि सोडवले ते उर्दूतच. ज्या भाषेत विचार चालतो ती भाषा त्याच्याकडून काढून घेतली, तर हातात उरणार काय? त्याच्याकडे उर्दू आहे ही अडचण नाही. उर्दूतून मराठीत यायचा पूल आम्ही बांधला नाही, ही अडचण आहे.

कुणी म्हणेल, मराठी तर उर्दू शाळेतही शिकवतातच. हो, शिकवतात. पण भाषेच्या पुस्तकातली मराठी वेगळी आणि शाब्दिक उदाहरणातली मराठी वेगळी. 'संथ पाण्यातील वेग', 'प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने', 'बोगदा ओलांडण्यास लागणारा वेळ', हे शब्द कवितेत भेटत नाहीत. उर्दूत आपण अशा उदाहरणांना इबारती सवाल म्हणतो. इबारत म्हणजे मजकूर. ज्याला मजकूर कळला नाही, तो आकडे उचलून मिळेल ते सूत्र लावणारच.

पूल बांधणे अवघडही नाही, कारण अर्धा पूल आधीच बांधलेला आहे. मराठीतला 'तास' फारसीतून आला. मुळात तास म्हणजे धातूचे भांडे, थाळी. ठोका देऊन वेळ सांगायची ती थाळी, म्हणून वेळही तास झाली. 'सरासरी' फारसी आहे. 'वजाबाकी'तले वजा आणि बाकी दोन्ही अरबीतून आलेले. मराठी मुले रोज हे शब्द वापरतात आणि आमची मुले ते परके समजून घाबरतात.

हिशेब एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेणे हे काही नवीन काम नाही. अकबराच्या सांगण्यावरून फैजीने १५८७ मध्ये भास्कराचार्यांच्या 'लीलावती'चा फारसीत अनुवाद केला. त्या ग्रंथात मोर आणि सापाचे उदाहरण आहे. ९ हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या बुडाशी सापाचे बीळ आहे आणि साप २७ हातांवरून बिळाकडे येतो आहे. दोघांचा वेग सारखा. मोर सापाला कुठे गाठेल? बिळापासून १२ हातांवर, कारण तिथे दोघांचेही १५ हात पूर्ण होतात. संस्कृत येत नाही म्हणून कुणाचे अडू नये, यासाठी तेव्हा एवढ्या मोठ्या ग्रंथाचा अनुवाद झाला. आपण अल-ख्वारिझ्मीचे नाव घेऊन जलशांत छाती फुगवतो आणि 'ताशी'चा अर्थ फळ्यावर लिहीत नाही.

मी आता माझ्या मराठीच्या तासाला आठवड्यातून एक इबारती सवाल घेतो. फळ्याच्या एका बाजूला रफ्तार, वक्त, फासला, दुसऱ्या बाजूला वेग, वेळ, अंतर. आधी मुले उदाहरण उर्दूत सांगतात, मग मराठीत लिहितात, आकडेमोड सगळ्यात शेवटी. बीएडला आम्ही 'आशययुक्त अध्यापन' नावाचा विषय पाठ केला होता. त्याचा अर्थ मला बहुधा आता कळतो आहे.

उदाहरणेही इथलीच घेतो. गड्डीगोदामला खाली रस्ता, वर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल, त्यावर मेट्रो. मुलांनी ते पाहिलेले असते. १५० मीटरची गाडी ३५० मीटरचा पूल 'ओलांडते' म्हणजे काय? इंजिन पुलाच्या टोकाला पोहोचले की झाले? एक मुलगी म्हणाली, "सर, आखिरी डब्बा अभी पुल पे है." झाले, अंतर ५०० मीटर. सूत्र सांगावेच लागले नाही.

अमरावती इथून साधारण दीडशे किलोमीटर. जाताना ताशी ७५, येताना ताशी ५०. सरासरी वेग किती? सगळा वर्ग ओरडला, साडेबासष्ट! मग हिशेब केला. जायला २ तास, यायला ३ तास. ३०० किमीला ५ तास, म्हणजे ताशी ६०. हळू चाललेल्या प्रवासात वेळ जास्त जातो, म्हणून सरासरी त्याच्याकडे झुकते. ही गोष्ट ज्याला कळली, त्याला क्लासची युक्ती विसरण्याची भीती राहत नाही.

गणिताच्या आणि भाषेच्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे. पाचवीपासून मुलांच्या वहीत दुभाषी शब्दयादी असावी. मशिदीच्या आवारात, मोहल्ल्याच्या ग्रंथालयात भरतीचे मोफत वर्ग चालवणाऱ्यांनीही युक्त्यांच्या आधी शब्द शिकवावेत. यासाठी ना अनुदान लागते, ना जीआर.

तो मुलगा पुढच्या रविवारी पुन्हा आला. मी विचारले, तू १६०० मीटर ५ मिनिटे २० सेकंदांत धावतोस, तर तुझा ताशी वेग किती? त्याने वही काढली. ३२० सेकंदांत १६०० मीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. तासात ३६०० सेकंद, म्हणजे १८,००० मीटर. ताशी १८ किमी.

तो वहीकडे बघत राहिला. सेकंदाला पाच मीटर म्हणजे ताशी अठरा किलोमीटर. ज्या ५/१८ ला तो दोन वर्षे घाबरत होता, ते तो रोज सकाळी मैदानावर धावत होता.