टाक्यांचा हिशेब

जुनी ट्रंक उपसली की तिच्या तळाशी बहुधा एखादे भरतकाम सापडतेच. मॅटीच्या कापडावर फुलीच्या टाक्यांनी भरलेला पोपट, साखळी टाक्याची वेल काढलेला रुमाल, ‘सुस्वागतम्’ अशी अक्षरे असलेली चौकट. ‘रिकाम्या वेळचा उद्योग’ असे म्हणून या वस्तू पुन्हा घडी घालून ठेवल्या जातात. हा शब्दप्रयोग मात्र तपासून पाहण्यासारखा आहे. पाणी, स्वयंपाक आणि मुलेबाळे सांभाळून उरलेला अर्धा तास रिकामा नव्हता. तो वाचवलेला होता.

हाच टाका जयपूरमध्ये पोट भरण्याचे साधन होतो. सवाई जयसिंह यांनी 1727 मध्ये वसवलेल्या या नगरीत राजाश्रयामुळे अनेक हस्तकला वाढल्या. त्यांपैकी गोटा-पट्टीचे काम आजही जयपूरच्या जुन्या शहरात आणि जवळच्या नायला गावात घरोघरी चालते. गोटा म्हणजे चमकदार तारेची विणलेली अरुंद फीत. तिचे तुकडे कापायचे, ठरावीक पद्धतीने दुमडून पाकळी करायची, पाकळ्या जुळवून फूल मांडायचे आणि बारीक टाक्यांनी ते ओढणीवर बसवायचे. एक पाकळी वाकडी बसली तरी सगळे फूल बिघडते. पूर्वी हा गोटा सोन्याचांदीच्या तारेचा असे. वस्त्र जीर्ण झाल्यावर तो जाळून धातू परत मिळवता येई. आता बहुतेक गोटा प्लॅस्टिकचा असतो. तो हलका असतो, काळा पडत नाही आणि स्वस्तही मिळतो. पण जुन्या ओढणीत आता विकण्याजोगे काही उरत नाही. किंमत उरते ती केवळ हातांच्या कौशल्याची, आणि नेमकी तीच सर्वांत कमी धरली जाते.

याचे कारण कामाच्या साखळीत आहे. व्यापारी कापड आणि नक्षी ठरवतो, मध्यस्थ ते घरी पोहोचवतो आणि तयार नग मोजून मजुरी देतो. मजुरी नगावर असते, तासावर नसते. सुई, दिव्याचे बिल आणि पुढे लागणारा चष्मा हा सगळा खर्च बाईच्या पदरी. काम घरात होते म्हणून ते ‘काम’ वाटत नाही, आणि ती करणारी स्त्री विचारल्यावर ‘मी घरीच असते’ असे सांगते. या उत्तरात तिचा विनय असेल. तोटाही तिचाच आहे.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात भरतकामाचा एक नमुना आहे. त्यावर जेन बॉस्टॉक हे नाव आणि 1598 हे वर्ष टाक्यांनीच लिहिलेले आहे. चारशे वर्षांनंतरही ते काम तिच्या नावाने ओळखले जाते. जयपूरच्या सिटी पॅलेसमधील संग्रहालयात सवाई माधोसिंह पहिले यांचा प्रचंड घेराचा पोशाख पाहायला लोक गर्दी करतात. तो राजाच्या नावाने ओळखला जातो, शिवणाऱ्याच्या नावाने नव्हे. वस्तुत: नाव घालायला किती टाके लागतात?

प्रेमाने केलेल्या कामाला पैशाचे माप लावू नये, असे काही जण म्हणतील. बाळाच्या झबल्यावर काढलेल्या फुलाची पावती कोणी मागत नाही, हे खरेच. परंतु हात बसतो तो अशाच लहान कामांवर. धारवाड-बेळगाव भागातील कशिद्यात, इरकली लुगड्यावर काढल्या जाणाऱ्या कसुतीत, ‘मेंथी’ हा फुलीचाच टाका आहे. मुली तो घरच्या कापडावर गिरवूनच शिकत आल्या. रमाबाई रानडे यांनी 1909 मध्ये उभ्या केलेल्या पुण्याच्या सेवासदनात शिवण-भरतकाम शिकवले जाई, ते स्त्रीला स्वत:च्या पायावर उभे राहता यावे म्हणून. छंद आणि रोजगार यांच्यामध्ये भिंत घातली, की फायदा फक्त स्वस्तात काम करून घेणाऱ्याचा होतो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1996 मध्ये घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी करार क्रमांक 177 केला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. 2008 च्या असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा कायद्यात मात्र अशा कामगारांची व्याख्या आली आणि 2021 पासून ई-श्रम पोर्टलवर त्यांची नोंदणी होऊ लागली. तेथे व्यवसायाच्या रकान्यात भरतकाम लिहिता येते. नोंदणीने मजुरीचा दर वाढत नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

दर ठरतो तो उंबरठ्यावर, मध्यस्थ नग मोजतो तेव्हा. समजा, एका ओढणीला 20 तास लागले आणि 300 रुपये मिळाले. म्हणजे तासाला 15 रुपये. त्यातून सुया आणि दिव्याचे 20 रुपये वजा केले, तर 14. हा आकडा वहीत लिहिलेला असेल, तर पुढची ओढणी हातात घेण्यापूर्वी तो मध्यस्थाला वाचून दाखवता येतो. शेजारच्या चार घरांतही तोच आकडा निघाला, तर चौघींना मिळून दाखवता येतो.